आत्याच्या गालिच्यावर फारसीत काहीतरी लिहिलंय, कुणाला वाचता येईल का?

सांजवात
नमस्कार मंडळी, गेली कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मार्चमध्ये माझी आत्या गेली, तिचं दादरचं घर आवरताना दिवाणाखालून एक गालिचा निघाला, म्हणजे आम्ही लहानपणापासून बघत आलोय पण अर्धाच, कारण त्याचं एक टोक कायम दिवाणाखाली सारलेलं असायचं आणि आम्हाला वाटायचं खोली लहान म्हणून तसं असेल. साधारण सात फूट बाय साडेचार फूट, मध्ये गर्द लाल, काठ निळा, आणि ते जे टोक आम्ही कधी बघितलंच नव्हतं तिथे एका लांबट पट्टीत फारसी की उर्दू की अरबी अक्षरं विणलेली आहेत. आईला विचारलं तर म्हणाली अगं ताईंना खालच्या मजल्यावरच्या इराणी शेजाऱ्यांनी घर सोडताना दिला होता, आणि अक्षरावर पाय पडू नये म्हणून ताईंनी ते टोक पहिल्या दिवसापासून दिवाणाखाली घातलं.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवला, त्याने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला बाराशेवीस साल लिहिलंय, दोनशे वर्षांचा आहे, आणि एक आकडा सांगितला जो ऐकून मिस्टर खुर्चीवर बसले. विकायचा की नाही ते नंतर, आधी काय लिहिलंय ते कळायला हवं. फोटो टाकलाय.

खडूस_काका
फोटो उलटा आहे की माझं डोकं?

नस्तालीक
काका, फोटो उलटा आहे :) सांजवात, तुम्ही वरच्या टोकाकडून काढलाय बहुतेक. फिरवून बघितला, पण अक्षरं पुसट आहेत. लिपी नस्तालीक आहे एवढं नक्की, म्हणजे फारसी असण्याची शक्यता जास्त, आणि दोन लांब चौकटी व मध्ये एक गोल असं दिसतंय. अशी रचना असली की दोन चौकटींत एकेक मिसरा म्हणजे शेराची अर्धी अर्धी ओळ असते आणि गोलात विणणाऱ्याचं नाव किंवा साल. उजवीकडच्या चौकटीत पहिला शब्द 'गरज' वाटतोय. पुढचं लागत नाही. दुसऱ्या बाजूने फोटो काढता का?

रफूगार
ताई, मी याच धंद्यातला, वडील पण हेच करायचे, धुणं आणि रफू. फोटो कसा काढायचा सांगतो. गालिच्याची लव एका बाजूला झोपलेली असते, विणायला जिथून सुरुवात केली त्या टोकाकडे. हात फिरवून बघा, एका दिशेने मांजरीच्या पाठीसारखं मऊ लागेल आणि उलट्या दिशेने खरखरीत. लव तुमच्याकडे येतेय अशा बाजूला उभं राहिलं की रंग गडद दिसतो, पलीकडून बघितलं की तोच गालिचा फिका, धुरकट. तुम्ही फिक्या बाजूने काढलाय. खालच्या टोकाला जा, सकाळच्या उन्हात काढा, फ्लॅश मारू नका.

आणि एक, मागच्या बाजूचा पण काढा. गालिच्याचं खरं तोंड पाठीमागे असतं.

खडूस_काका
माणसांचं पण तेच आहे. चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

थेम्सकाठी
वा, माझ्या आवडीचा विषय निघाला. फोटो येईपर्यंत मी जरा पाल्हाळ लावतो, कारण अक्षरवाल्या गालिच्यांत जो सगळ्यांचा आजोबा म्हणता येईल तो माझ्या घरापासून चार ट्यूब स्टेशनांवर आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला अर्दबीलचा गालिचा. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटरच्या वर रुंद, म्हणजे आपला टू बीएचके सहज झाकेल. इराणच्या वायव्येला अर्दबील गावात शेख सफीउद्दीन यांचा दर्गा आहे, इराणवर राज्य केलेल्या सफवी घराण्याचा मूळपुरुष तो, तिथला हा. दर दहा सेंटिमीटरच्या चौकोनात ५३०० च्या आसपास गाठी, सगळ्याचा गुणाकार केला तर तीन कोटींच्या घरात जातं. रंग मात्र फक्त दहा.

तिथे गेलात तर गंमत म्हणजे तो अंधारात असतो. मोठ्या काचेच्या पेटीत खालीच पसरलाय, आणि रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवे नुकतेच गेले होते, वीस मिनिटं बाकावर बसून राहिलो, शेजारी एक शाळेची सहल, आणि मग हळूहळू उजळलं आणि सगळी पोरं एकदम गप्प. मधलं ते पिवळं सोळा पाकळ्यांचं ताऱ्यासारखं पदक, त्याच्या दोन टोकांना दोन कंदील लटकलेले, एक लहान एक मोठा. का लहानमोठे यावर लोक अजून भांडतात, कुणी म्हणतं लहान कंदिलाच्या बाजूला बसलं की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून, कुणी म्हणतं मुद्दाम ठेवलेली चूक.

आणि एका टोकाला, तुमच्या आत्याच्या गालिच्यासारखंच, एक छोटी चौकट. त्यात चार ओळी. फारसी कवी हाफिजचा एक शेर, विणवून घेणाऱ्याचं नाव आणि साल ९४६. हिजरी, म्हणजे इसवी १५३९-४०. एवढ्या अवाढव्य पसाऱ्यात ती चौकट इतकी लहान आहे की शोधावी लागते.

नस्तालीक
तो शेर मी देतो, देवनागरीत जसा जमेल तसा:

जुज़ आस्तान-ए तो-अम दर जहाँ पनाही नीस्त
सर-ए मरा ब-जुज़ ईं दर हवालेगाही नीस्त

तुझ्या उंबऱ्याशिवाय मला जगात आसरा नाही, या दाराशिवाय माझं डोकं टेकवायला जागा नाही. खाली लिहिलंय 'अमल-ए बंदा-ए दरगाह मकसूद काशानी', या दरबाराचा चाकर मकसूद काशानी याचं काम.

आता जरा शब्द बघा. जहाँ आपल्या ओळखीचं, पनाह माहितीये, दर म्हणजे दरवाज्यातला दर, हवालेगाही मधला हवाला म्हणजे आपण 'पोलिसांच्या हवाली केलं' म्हणतो तो. अमल, बंदा, दरगाह, सगळे आपल्याकडे नांदतायत. गालिचा हा शब्दसुद्धा त्यांचा कालीचा, म्हणजे लहान काली, काली म्हणजे मोठा गालिचा. मराठी माणसाला फारसी परकी वाटते हेच मला कळत नाही, पारसनीस आडनावाच्या लोकांनी तरी असं म्हणू नये, पारसनीस म्हणजेच फारसी लिहिणारा.

ओवी_आणि_कॉफी
उंबऱ्यावर डोकं... मला हे वाचून लगेच पंढरपूरची नामदेव पायरी आठवली. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ लागावी म्हणून दारातच. आणि सरदारांच्या शिक्क्यांवर 'चरणी तत्पर' असायचं तो पण हाच थाट ना? मकसूदचं 'बंदा-ए दरगाह' म्हणजे जवळजवळ 'चरणी तत्पर'.

पण मग माझा प्रश्न आहे. इतकं पवित्र काव्य आणि ते जमिनीवर? आपल्याकडे वहीला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतो. सांजवातच्या आत्यांचं मला शंभर टक्के पटलं.

खडूस_काका
अहो गालिचा म्हटला की पाय आलाच. नाहीतर चादर म्हणा आणि भिंतीवर टांगा.

नस्तालीक
ओवी, हा प्रश्न त्यांनाही पडलेलाच होता. कुराणातली वचनं पायाखाली येऊ नयेत ही काळजी बरीच घेतलेली दिसते. सोळाव्या शतकातल्या काही नमाजी गालिच्यांवर ती वचनं आहेत, पण बहुतेक वरच्या अर्ध्या भागात, कपाळ टेकतं त्या बाजूला, आणि खाली पाय-गुडघे येतात तिथे नुसती फुलंपानं. कवितेला एवढे कडक नियम नव्हते. हाफिज, सादी हे कवी काठावरच्या चौकटींतून बिनधास्त फिरतात. पण माझं मत विचाराल तर अर्दबीलचा शेर तिथे जमिनीवरच शोभतो. उंबरठा असतो कुठे? पायाशीच. तो शेर भिंतीवर लावला असता तर त्यातली अर्धी गंमत गेली असती.

बेरीज_वजाबाकी
भावना वगैरे ठीक आहे पण धागाकर्तीने पैशाचं विचारलंय (नाही विचारलं, पण मिस्टर खुर्चीवर बसले यात सगळं आलं). तो लंडनवाला कितीला घेतला होता? आणि दर्ग्यातला गालिचा लंडनला पोचला कसा, उडत?

थेम्सकाठी
हाहा, उडत नाही, इंग्रजी व्यापाऱ्यांच्या हातून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दर्ग्याची अवस्था वाईट होती, दुरुस्तीला पैसा हवा होता असं सांगतात, तेव्हा तो बाहेर पडला. १८९३ मध्ये म्युझियमने २००० पौंडांना घेतला, तेव्हा त्याचं नाव साउथ केन्सिंग्टन म्युझियम होतं. विल्यम मॉरिस, तो भिंतीच्या कागदाच्या फुलापानांच्या डिझाईनवाला, त्याला बघायला पाठवलं होतं आणि त्याने जोरदार शिफारस केली.

पण खरी गंमत पुढे आहे. म्युझियमला वाटलं आपण एकमेवाद्वितीय वस्तू घेतली. निघाले दोन! दर्ग्यातून जुळ्या भावंडांची जोडी आली होती, दोन्ही फाटलेले, मग एकाचे तुकडे कापून दुसऱ्याला ठिगळं लावली आणि एक 'पूर्ण' गालिचा म्युझियमला विकला. उरलेला, काठ गेलेला, लहान झालेला भाऊ गुपचूप दुसरीकडे, फिरत फिरत अमेरिकेत जे. पॉल गेटी या तेलवाल्या अब्जाधीशाकडे गेला आणि त्याने १९५३ मध्ये लॉस अँजेलिसच्या म्युझियमला देऊन टाकला. त्याच्यावरही तोच शेर, तोच मकसूद, तेच साल.

बेरीज_वजाबाकी
म्हणजे एका भावाची कातडी काढून दुसऱ्याला लावली. धंदा!

रफूगार
दादा हसू नका, आमच्या लाईनीत हे रोजचं आहे. दोन मोडक्यांतून एक उभा करायचा. चांगल्या कारागिराने केलं तर पाठीवर पण कळत नाही.

अक्षरांबद्दल सांगतो. अक्षरं विणणं हे फुलं विणण्यापेक्षा अवघड. फूल एक गाठ इकडे तिकडे झालं तर फूलच राहतं, अक्षर एक गाठ चुकलं तर दुसरं अक्षर होतं. ठिपक्यांच्या रांगोळीत 'श्री' काढून बघा म्हणजे समजेल, वेलांटी गोल येतच नाही, पायऱ्या पायऱ्या येतात. त्यात ही नस्तालीक तर तिरकी उतरत जाते, वरून उजवीकडून खाली डावीकडे, म्हणजे सगळा उतारच. त्या पायऱ्या दिसू नयेत तर गाठी बारीक पाहिजेत आणि इराणी गाठ पाहिजे, जी एका उभ्या धाग्याला पूर्ण वळसा घालते आणि शेजारच्याच्या नुसती मागून जाते, तिच्याने वळण चांगलं येतं. विणणाऱ्याला वाचता येत असेल असं पण समजू नका. तो समोरच्या नक्ष्यावरचे चौकोन मोजतो, किंवा काही कारखान्यांत एक जण गाण्यासारखं म्हणत जातो, दोन निळे एक साय तीन निळे, आणि बाकीचे त्या चालीवर गाठी मारतात. त्यामुळे गावाकडच्या गालिच्यांत अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी पण सापडतात. एकाने मला विचारलं होतं ही गुप्त लिपी आहे का, म्हटलं नाही साहेब, नक्षा उलटा धरला होता.

ओवी_आणि_कॉफी
ही माहिती कुठे मिळाली असती! वाचनखूण साठवली.

सांजवात
मंडळी, सॉरी, दोन दिवस ऑफिसचं होतं. आज सकाळी गच्चीत पसरून रफूगारदादांनी सांगितलं तसा खालच्या बाजूने फोटो काढलाय. रंग एकदम वेगळाच निघाला!! तो लाल मी जन्मात बघितला नव्हता. मधल्या गोलाचा वेगळा जवळून टाकलाय. एक वाईट बातमी म्हणजे त्या गोलात वरच्या बाजूला कसर लागलीये, साधारण आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक, लव पूर्ण खाल्लीये, खालचे पांढरे ताणेबाणे दिसतात.

नस्तालीक
लागलं!!! थांबा, नीट टाइप करतो.

उजवी चौकट: ग़रज़ नक़्शीस्त क-अज़ मा बाज़ मानद
डावी चौकट: के हस्ती रा नमी-बीनम बक़ाई

सादी आहे. शिराजचा सादी, गुलिस्तानच्या अगदी सुरुवातीच्या प्रस्तावनेतला शेर, पुस्तक १२५८ सालचं. अर्थ साधारण असा की, मतलब इतकाच की आपल्यामागे एक नक्षी राहावी, कारण असण्याला काही टिकाव दिसत नाही मला. 'गरज' म्हणजे तिकडे हेतू, आपल्याकडे येता येता तिची निकड झाली. 'नक्श' म्हणजे आपली नक्षी. आणि 'बका' त्याच घरातला ज्या घरातून आपली 'बाकी' आली, उरणं. सादी पुस्तकाबद्दल बोलत होता, पण नक्श शब्दामुळे गालिचे विणणाऱ्यांनी हा शेर उचलला यात नवल काय.

मधल्या गोलात वर 'अमल-ए' आहे, म्हणजे 'अमुक अमुकचं काम', आणि पुढे जिथे नाव असायला हवं तिथे...

खडूस_काका
तिथे भोक.

नस्तालीक
हो. नावाच्या शेवटच्या अक्षराचं एक शेपूट तेवढं उरलंय, त्यावरून काही सांगता येणार नाही. त्याच्या खाली साल आहे ते मला १२२० दिसतंय, व्यापारी बरोबर म्हणाला.

बेरीज_वजाबाकी
हिशोब माझ्याकडे लागला. हिजरी वर्ष चंद्राचं, लहान असतं, म्हणून हिजरीला ३३ ने भागायचं, आलेला आकडा हिजरीतून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. १२२० वजा ३७ अधिक ६२२ बरोबर १८०५. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. सांजवात, मिस्टरांना परत खुर्ची द्या.

रफूगार
खुर्ची राहू द्या जरा. ताई, त्या आकड्यांतला डावीकडून दुसरा, त्याची पाठ दाखवा. बरोब्बर त्या जागेची. भिंगातून काढा जमलं तर, आणि एका इंचात आडव्या किती आणि उभ्या किती गाठी ते पण मोजा.

सांजवात
मोजल्या, आडव्या १३, उभ्या १४. (मुलीने मोजल्या, मला तिसऱ्यांदा पण वेगळा आकडा आला.) पाठीमागे बघितलं तर दुसऱ्या आकड्याच्या डोक्याशी काहीतरी वेगळं आहे खरं. सगळीकडे जमीन सायीसारख्या रंगाची आहे आणि तिथे सात गाठी पांढऱ्याफटक आहेत, आणि बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. बाकी पाठ एकदम सपाट. हे काय आहे?

रफूगार
हे दात काढलेत ताई.

फारसी ३ ला वर तीन दात असतात, २ ला दोन. आपल्या ३ चं एक पोट काढलं की २ होतो ना, तसंच. निळा दात उपटायचा, तिथे पांढऱ्या गाठी मारायच्या, १३२० चा १२२० झाला, सात गाठींत शंभर वर्षं. मी वडिलांबरोबर काम करायला लागलो तेव्हा त्यांनी पहिल्या महिन्यात दाखवलं होतं. तुमच्या व्यापाऱ्याने केलं असं नाही म्हणत, त्या पांढऱ्या गाठी पण आता मळल्यात, हे जुनं काम आहे, कदाचित इकडे यायच्या आधीच कुणी केलं असेल. पण साल १३२० आहे.

बेरीज_वजाबाकी
१३२० वजा ४० अधिक ६२२, १९०२. गेली शंभर वर्षं पाण्यात. लॉर्ड कर्झनच्या काळात आलो.

नस्तालीक
तेवढंही नक्की नाही हो. इराणने १९२५ मध्ये सौर हिजरी अधिकृत केली, तिच्यात नुसते ६२१ मिळवायचे. १३२० सौर धरलं तर १९४१. म्हणजे १९०२ किंवा १९४१, गालिच्यावर कुणी 'सौर' 'चांद्र' लिहून ठेवत नाही. आपल्या जुन्या कागदांत शुहूर, फसली, हिजरी, शक यांची जी खिचडी असते तीच तिकडे.

रफूगार
रंगावरून अंदाज लागेल. काठाच्या फुलांत कुठे असं फूल आहे का जे वरून राखाडी-मातकट आहे आणि लव बाजूला सारली तर मुळाशी भडक जांभळं-गुलाबी?

सांजवात
आहे!! आम्ही त्यांना मातीची फुलं म्हणायचो लहानपणी. मुळाशी अक्षरशः राणी कलर आहे, मी ओरडलेच.

रफूगार
मग १९०२ च्या बाजूने मी जातो, पैज नाही लावणार. हे सुरुवातीचे केमिकल रंग, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणात घुसले, उन्हाने उडायचे, तिथल्या तेव्हाच्या काजार राजघराण्याच्या सरकारने त्यांच्यावर बंदी पण घातली होती तरी चालूच राहिले. १९४१ पर्यंत यापेक्षा पक्के रंग आले होते. बाकी लाल मात्र मंजिष्ठाचा वाटतोय फोटोत, तो तुमच्या नातवंडांना पण असाच दिसेल.

थेम्सकाठी
एका आकड्यावरून भांडण म्हणाल तर सांजवात तुम्ही फार वरच्या पंगतीत बसलात :) मिलानच्या पोल्दी पेत्सोली म्युझियममध्ये शिकारीचा गालिचा आहे, त्याच्या मधल्या चौकटीत सही आहे ती पण शेरातच:

शुद अज़ सई-ए ग़यासुद्दीन जामी
बदीं ख़ूबी तमाम ईं कार-ए नामी

गयासुद्दीन जामीच्या मेहनतीने हे नामी काम इतकं सुंदर पुरं झालं. स्वतःच स्वतःच्या कामाला नामी म्हणतोय, आणि जामीला यमक पण जुळवलंय, आवडला आपल्याला माणूस. त्याखाली साल आहे, ते काही लोक ९२९ वाचतात, काही ९४९. मधला आकडा २ की ४. वीस वर्षांचा फरक, १५२२-२३ की १५४२-४३, आणि त्यावरून अर्दबीलच्या आधीचा की नंतरचा हा वाद. तिथे कुणी दात काढले असं नाही हां, वाचनाचाच घोळ.

आणि एक 'बादशहाचा गालिचा' म्हणून जोडी आहे, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आणि एक व्हिएन्नात, सोळाव्या शतकातली. त्याच्या काठाच्या आतल्या बारीक पट्टीत अख्खी कविता फिरते, वसंतातल्या बागेचं वर्णन आणि शेवटी शहाची स्तुती. वाचायची तर गालिच्याभोवती चालत चालत वाचावी लागते.

ओवी_आणि_कॉफी
प्रदक्षिणा!

खडूस_काका
थोडं अवांतर, येरवड्याच्या जेलमध्ये इंग्रजांच्या काळात गालिचे विणायचे आणि त्यांना चांगलं नाव होतं, हे पुण्यात राहून किती जणांना माहितीये? आग्र्याच्या जेलमधला तर विंडसर कॅसलमध्ये गेला, राणी व्हिक्टोरियासाठी. नाहीतर आपले लोक गालिचा म्हटलं की डायरेक्ट इराण.

नस्तालीक
काका आले म्हणजे दख्खन आलीच पाहिजे, तर मी पण एक अवांतर करतो. तो अर्दबीलवाला हाफिज आपल्याकडे येता येता राहिला. बहामनी सुलतानाने त्याला गुलबर्ग्याला बोलावलं होतं, वाटखर्चाला पैसे पाठवले, स्वारी होर्मूझपर्यंत आली, जहाजात पाय ठेवला आणि वादळ सुटलं. हाफिज उतरला तो उतरलाच, एक गजल लिहून पाठवून दिली, सगळं जग दिलं तरी एक क्षण दुःखात काढण्याच्या लायकीचं नाही अशा अर्थाची, आणि शिराजला परत. ही गोष्ट फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलीये, आणि तो बसून लिहीत होता विजापुरात. त्यामुळे हाफिज दख्खनेत आला नाही पण त्याच्या न येण्याची बखर दख्खनेत झाली.

खडूस_काका
बोट लागते त्या माणसाला. मला पण लागते, अलिबागला जाताना.

बेरीज_वजाबाकी
धागा पार भरकटायच्या आत मुद्द्यावर येऊ. सांजवात, आता किंमत काय सांगणार त्या व्यापाऱ्याला?

सांजवात
त्याला फोन केला, म्हटलं साल १३२० आहे. तो म्हणाला बाई तुम्हाला फारसी येते का. म्हटलं नाही पण मोजता येतं. त्याने आकडा लगेच एक तृतीयांश केला, मिस्टर आता उभे आहेत :)

विकत नाहीये. पण मला एक कळत नाहीये, मधला भाग जिथे आम्ही सगळे चाळीस वर्षं नाचलो, पत्ते खेळलो, चहा सांडला, तिथे लव झिजलीये पण कसर अजिबात नाही. आणि जे टोक आत्याने इतकं जपलं, ज्यावर कुणाचा पाय पडू दिला नाही, नेमकं तेच का खाल्लं?

रफूगार
म्हणूनच खाल्लं ताई. कसरीला अंधार लागतो आणि शांतता लागते. लोकरीत अंडी घालते, अळी लव खाते. जिथे माणसं चालतात, झाडू फिरतो, ऊन येतं तिथे ती राहत नाही. दिवाणाखाली, कपाटाखाली, गुंडाळून माळ्यावर टाकलेला, तिथेच मिळते. माझ्याकडे येणाऱ्या गालिच्यांत पावलांनी मेलेले कमी आणि जपून मेलेले जास्त.

आता काय करायचं ते सांगतो. आधी दोन्ही बाजूंनी उन्हात एक दिवस, जास्त नको. पाठीवरून हलका व्हॅक्यूम, ब्रशवाला नाही, दशा ओढू नका. मशीनमध्ये किंवा ड्रायक्लीनला चुकून पण देऊ नका, तो राणी रंग सगळीकडे पळेल.

ओवी_आणि_कॉफी
आमच्याकडे हे झालंय, आजीचा एक लहान गालिचा लाँड्रीत दिला होता, परत आला तेव्हा पांढऱ्या फुलांना गुलाबी ताप आलेला. लाँड्रीवाला म्हणाला आधीपासूनच तसा होता.

सांजवात
रफूगारदादा, शेवटचं विचारते. तुम्ही ते भोक भरून द्याल का? नस्तालीकांनी तिथे कुठलं नाव असेल याचा अंदाज सांगितला तर तसं विणता येईल का?

नस्तालीक
मी अंदाज सांगणार नाही हो. सांगितला तर ते त्या सात पांढऱ्या गाठींसारखंच होईल.

रफूगार
मी भरून देऊ शकतो, नाव पण विणू शकतो, कुणाला कळणार नाही. पण नका करू. मी काय करीन, तर भोकाच्या कडा मागून बांधून घेईन म्हणजे आजूबाजूच्या गाठी सुटायच्या नाहीत, बस. अर्ध्या दिवसाचं काम. त्या सात गाठींचं तुम्ही ठरवा, काढून तिथे निळा दात परत बसवता येईल, पाठीवर त्याची जागा अजून दिसतेय.

सांजवात
दात बसवा. भोक राहू दे. शनिवारी घेऊन येते.

आणि दिवाण आम्ही काल भाच्याला देऊन टाकला, त्यामुळे आता ते टोक लपवायला काही नाहीये. मुलगी अभ्यासाला तिथेच बसते, आईने बघितलं आणि म्हणाली निदान पाय तरी पलीकडे कर.

खडूस_काका
आई बरोबर आहे.